रॅमच्या भरपाईचे 612 डॉलर घ्यायला गेले आणि 2,175 घालवून बसले

आधी आकडे सांगते. 38.75, मग 186.40, मग 1,950. एकूण 2,175 डॉलर 15 सेंट, तीन दिवसांत. नवऱ्यालाही पूर्ण रक्कम कालच सांगितली. लिहिताना लाज वाटतेच आहे, पण आपल्यातल्या कुणाचे तरी पैसे वाचावेत म्हणून लिहिते.

आम्ही अमेरिकेत, फ्रीमाँटला राहतो. मुलाचा पीसी 2022 मध्ये घरीच जोडला. रॅमच्या, म्हणजे पीसीच्या मेमरीच्या, खोक्यावर 6000 चा वेग छापलेला, लावल्यावर चालते 4800 वर. बायोसमध्ये, म्हणजे पीसी सुरू होतानाच्या मूळ सेटिंग्जमध्ये, जाऊन सेटिंग बदलल्याशिवाय छापलेला वेग मिळत नाही. यावरून इथे क्लास ॲक्शन, म्हणजे सगळ्या ग्राहकांच्या वतीने एकत्र, दावे झाले, समझोतेही झाले. त्यामुळे "तुमच्या रॅमची भरपाई मंजूर" अशी मेल आली तेव्हा मी काही हवेतल्या गोष्टीवर विश्वास ठेवला नव्हता. खऱ्या नोटिसाही अशाच येतात, पैसे वाटणाऱ्या, कधी न ऐकलेल्या ॲडमिनिस्ट्रेटर कंपनीच्या नावाने, क्लेम आयडी आणि पिन घेऊन.

फॉर्मवर सिरियल नंबर मागितला होता. पीसीचं झाकण काढलं, मुलाने मोबाईलचा टॉर्च धरला. रॅमवरचा स्टिकर अर्धा चिपच्या पंख्याखाली गेलेला, शेवटचे चार आकडे काही दिसेनात. जेवढे दिसले तेवढेच टाकले, म्हटलं बाकीचे नंतर बघू. लगेच हिरवी टिक आली. "आपण पात्र आहात. रक्कम 612 डॉलर."

मी सतरा वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. चुकीचं काहीतरी टाकायचं आणि फॉर्म काय करतो ते बघायचं, याचाच पगार घेते. अर्धा नंबर मुकाट्याने गिळणारा फॉर्म ऑफिसात दिसला असता तर दोन मिनिटांत बग नोंदवला असता. घरी मात्र त्या 612 कडे बघत बसले. ती हिरवी टिक अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

आणि 612 येणार कुठून? आधीचे खरे समझोते बघा. इंटेलच्या पेंटियम 4 चिपच्या बेंचमार्क, म्हणजे वेगचाचणीच्या, प्रकरणात 2014 साली मिळणार होते 15 डॉलर. एनव्हिडियाच्या जीटीएक्स 970 ग्राफिक्स कार्डात 4 जीबी मेमरीपैकी अर्धा जीबी संथ निघाला, त्याचे 2016 मध्ये कार्डामागे 30. एएमडीच्या 'आठ कोअर' एफएक्स चिपांचा 2019 चा समझोता तर 1 कोटी 21 लाख डॉलरचा, तरी चिपमागे अंदाज होता 35 च्या आसपास. हे सगळं मला माहीत होतं!

38.75 प्रोसेसिंग फी म्हणून भरले. लक्षात ठेवा, खऱ्या समझोत्यात दावा करायला एक सेंटही लागत नाही, वकिलांची फी कोर्टाच्या मंजुरीने फंडातून जाते. 186.40 'करापोटी' गेले. मग फोन आला, खातं व्हेरिफाय करायला झेलवरून (बँकेच्या ॲपमधून लगेच पैसे पाठवायची सोय) स्वतःलाच 1,950 पाठवा, लगेच परत येतील. स्क्रीनवर माझंच नाव दिसत होतं हो! नाव काहीही टाकता येतं, नंबर कुणाचा आहे ते बघा.

बँक म्हणाली, पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत, आम्ही काही करू शकत नाही. मला काय तिजोरी फोडून हवी होती? पैसे जाऊन चाळीस मिनिटंही झाली नव्हती, त्यातली पंचवीस मी होल्डवर होते. पोलिसांनी काउंटरवरून परत पाठवलं, तक्रार ऑनलाइन भरा. ऑनलाइन भरलं तर पीडीएफ आली, माणूस नाही. राज्याच्या कार्यालयाने केंद्राकडे बोट दाखवलं. केंद्राकडून तक्रारीचा एक नंबर मिळाला आणि सूचना, की प्रत्येक तक्रारीला उत्तर दिलं जात नाही. मग तक्रार घेता कशाला? चोरांनी मला तीन दिवसांत चार फोन केले, या सगळ्यांनी मिळून एकही नाही.

मेलमधल्या लिंकवर जाऊ नका. केस नंबर घ्या आणि कोर्टाच्या नोंदीत स्वतः शोधा. कार्डाने भरलेले 38.75 बँकेने परत केले, कार्डावरचा व्यवहार नाकारता येतो म्हणून. बाकीच्या 2,136.40 साठी दुसरं अपील काल रजिस्टर्ड पोस्टाने पाठवलं.