महिनाभर लॅपटॉप बंद ठेवला तर? सहा ऑनलाइन धंद्यांची तुलना

पॅसिव्ह इन्कमच्या, म्हणजे एकदा काम करून ठेवलं की आपोआप येत राहणाऱ्या कमाईच्या, जाहिरातीत एक फोटो ठरलेला असतो: समुद्रकिनारा, आरामखुर्ची, मांडीवर लॅपटॉप. भर उन्हात त्या स्क्रीनवर काही दिसत नाही, हे सोडून देऊ. पण सुट्टीतही लॅपटॉप मांडीवरच असेल, तर त्या कमाईला पॅसिव्ह कशाला म्हणायचं?

म्हणून ‘महिन्याला किती सुटतात’ हा प्रश्न मी दुसऱ्या नंबरवर ठेवते. आधी विचारायचं ते हे: महिनाभर कुठेच लॉगिन केलं नाही, तर धंद्याचं काय होईल? कोणी खोळंबेल का, पैसे अडकतील का, परतल्यावर किती उपसावं लागेल? त्याला जोडूनच दुसरा प्रश्न येतो. नियम कोण बदलू शकतो, तुम्ही की प्लॅटफॉर्म? हे दोन प्रश्न लावले की सरसकट ‘पॅसिव्ह’ म्हणून विकल्या जाणाऱ्या धंद्यांमधला फरक लख्ख दिसतो.

वेबसाइट की यूट्यूब

बहुतेकांची सुरुवात या दोनांपैकी एकापासून होते, कारण भांडवल जवळजवळ लागत नाही. लागतो तो वेळ, आणि तोही पहिल्या वर्षात, जेव्हा हातात काहीच पडत नसतं.

वेबसाइटची कमाई दोन वाटांनी येते. पहिली वाट जाहिरातींची. गूगल ॲडसेन्समध्ये (साइटवर जाहिराती लावणारी गूगलची सेवा) जाहिरातदाराने मोजलेल्या पैशांपैकी साधारण 68 टक्के साइटच्या मालकाला मिळतात आणि खात्यात 100 डॉलर जमल्याशिवाय पैसे निघत नाहीत. दुसरी वाट ॲफिलिएटची: तुमच्या लिंकवरून कोणी वस्तू घेतली की कमिशन. ॲमेझॉनच्या योजनेत क्लिकनंतर साधारण 24 तासांच्या आत खरेदी व्हावी लागते.

महिनाभराच्या कसोटीत वेबसाइट आरामात पास होते. लेख तिथेच असतो, लोक शोधत येतात, वाचतात, जातात. वर्षाची कसोटी लावली की मात्र चित्र पालटतं. ‘कोणता हेडफोन घ्यावा’ छापाचा एखादा लेख वर्षभराने उघडून बघा. पाचपैकी दोन मॉडेल बंद झालेली असतात, एकाची नवी आवृत्ती आलेली असते, किमतीचा रकाना पूर्ण खोटा झालेला असतो आणि सगळ्यात जास्त दाबली जाणारी लिंक ‘हे उत्पादन उपलब्ध नाही’ अशा पानावर जाऊन आदळते. वाचक येतोय, कमिशन शून्य. असे शंभर लेख असतील तर ती डागडुजी म्हणजे अर्धवेळ नोकरीच. त्यापेक्षा ‘अमुक काम कसं करायचं’ या प्रकारचे लेख हळू पिकतात, पण टिकतात.

दुसऱ्या प्रश्नावर वेबसाइट मार खाते. एप्रिल 2020 मध्ये ॲमेझॉनने अमेरिकेतले कमिशनचे दर उतरवले आणि फर्निचर, घरसामान यांवरचे 8 टक्के थेट 3 टक्क्यांवर आले. हिशेब करा: 100 डॉलरच्या वस्तूवर 8 डॉलर मिळत होते तेव्हा हजार डॉलरसाठी 125 विक्री पुरत होत्या, आता 334 लागतात. लेख तोच, वाचक तेच. पुढे सप्टेंबर 2023 च्या गूगल अपडेटनंतर अनेक छोट्या स्वतंत्र साइट्सचा ट्रॅफिक कोसळला, आणि मे 2024 पासून गूगल शोधनिकालांच्या वर स्वतःच एआयने लिहिलेलं उत्तर दाखवू लागलं. वाचकाला उत्तर वरच मिळालं, तर तो खाली तुमच्या साइटपर्यंत येईल कशाला?

यूट्यूबवर दाराशीच उंबरठा आहे. जाहिरातींचा वाटा मिळवायला 1000 सबस्क्रायबर आणि गेल्या 12 महिन्यांत 4000 तासांचा वॉचटाइम, किंवा 90 दिवसांत शॉर्ट्सवर 1 कोटी व्ह्यूज लागतात. त्यानंतर नेहमीच्या व्हिडिओंच्या जाहिरात-उत्पन्नातले 55 टक्के तुमचे, शॉर्ट्सच्या वाट्यातले 45 टक्के. जुना चांगला व्हिडिओ वर्षानुवर्षं चालतो हे खरं आहे, विशेषतः शिकवणारा. पण सहा महिने काहीच टाकलं नाही, तर चॅनेलची कमाई बंद करण्याचा अधिकार यूट्यूबने नियमातच राखून ठेवला आहे. शिवाय चॅनेल चालतं ते चेहऱ्यावर आणि आवाजावर. लेख दुसऱ्याकडून लिहून घेता येतो. तुमच्या जागी दुसरा कॅमेऱ्यासमोर बसला तर प्रेक्षक दुसऱ्याच मिनिटाला विचारतो, ‘ते कुठे गेले?’

तरी या दोनांत आज सुरुवात करणाऱ्याला मी यूट्यूबकडे ढकलेन. गर्दी दोन्हीकडे आहे, पण ओळखीच्या चेहऱ्यावर बसलेला विश्वास एआयच्या उत्तराने पुसला जात नाही. फक्त त्याला पॅसिव्ह म्हणू नका. ती लेखक-नट-संपादक अशी तिहेरी नोकरी आहे, साहेब नसलेली.

ईबुक की कोर्स

इथे खरी घासाघीस आहे, कारण दोन्ही ठिकाणी तुम्ही जाहिरातदाराची नाही, स्वतःची वस्तू विकता.

ॲमेझॉनच्या किंडल व्यवस्थेत 2.99 ते 9.99 डॉलर किमतीच्या ईबुकवर 70 टक्के रॉयल्टी मिळू शकते; त्या पट्ट्याबाहेर 35 टक्के. 4.99 डॉलरच्या पुस्तकामागे साधारण साडेतीन डॉलर येतात, त्यातून फाइलच्या आकारानुसार किरकोळ डिलिव्हरी खर्च वजा. म्हणजे महिन्याला हजार डॉलरसाठी तीनशेच्या आसपास प्रती. एका पुस्तकावर हा आकडा टिकवणारे विरळा. जे टिकवतात त्यांची बहुधा पाच-दहा पुस्तकं असतात आणि एक वाचलं की वाचक दुसऱ्याकडे जातो. पैसे विक्रीचा महिना संपल्यावर साधारण 60 दिवसांनी जमा होतात, हे घरखर्च मांडताना ध्यानात ठेवा. पण महिनाभराच्या कसोटीत ईबुकला तोड नाही. वाचक लेखकाला मेल करून ‘पान 40 उघडत नाही’ म्हणत नाही. ती डोकेदुखी ॲमेझॉनची.

मात्र एआयने पुस्तकं पाडणाऱ्यांनी हे अंगण भरून टाकलंय. सप्टेंबर 2023 मध्ये ॲमेझॉनला एका खात्यावरून दिवसाला तीनपेक्षा जास्त नवी पुस्तकं टाकायला बंदी घालावी लागली. दिवसाला तीन! कसली माणसं दिवसाला तीन पुस्तकं काढत होती, हे वेगळं सांगायला नको. या गर्दीत ‘यशाचे दहा मंत्र’ विकायला जाणं म्हणजे स्वतःहून मागच्या रांगेत जाऊन उभं राहणं. नेमक्या माणसाची नेमकी अडचण सोडवणारं पुस्तक अजूनही विकतं, पण त्यासाठी ती अडचण तुम्हाला माहीत हवी.

कोर्समध्ये गणित तुम्ही तो कुठे ठेवता यावर फिरतं. यूडेमीवर (अनेकांचे कोर्स विकणारी वेबसाइट) तुमच्या स्वतःच्या लिंकवरून आलेल्या विक्रीचे 97 टक्के तुमचे, पण यूडेमीने स्वतः आणलेल्या गिऱ्हाइकाचे 37 टक्केच. तिथे सवलतीचा सेल कायमचाच, तेव्हा समजा 13 डॉलरला कोर्स गेला, तर हाती 4.81 डॉलर. हजार डॉलरला दोनशेहून जास्त विद्यार्थी झाले. यूडेमीच्या सबस्क्रिप्शनमधला, म्हणजे वर्गणी भरून कोर्स बघणाऱ्यांच्या पैशांतला, शिक्षकांचा वाटा तर 25 टक्क्यांवरून 2024 मध्ये 20 आणि 2025 मध्ये 17.5 टक्के झाला, 2026 साठी 15 टक्के जाहीर झाला. तोच कोर्स स्वतःच्या पानावर 50 डॉलरला विकला तर पेमेंटचं शुल्क सोडता वीस विद्यार्थ्यांत काम होतं. पण ते वीस आणायचे कुठून? बहुतेक कोर्स तिथेच अडकतात. यूडेमी उरलेले 63 टक्के घेते ती गिऱ्हाईक आणल्याचीच किंमत असते, आणि ज्याच्याकडे आपला वाचक नाही त्याला ती महाग म्हणता येणार नाही.

कोर्स सांभाळायलाही लागतो. तुम्ही एखादं सॉफ्टवेअर शिकवता. कंपनी नव्या आवृत्तीत एक बटण डावीकडून उजवीकडे नेते. बस्स. दुसऱ्या दिवसापासून ‘सर, व्हिडिओत दाखवलेलं बटण माझ्याकडे नाही’ अशी चौकशी सुरू होते, उत्तर उशिरा गेलं की एक स्टार पडतो, आणि तो धडा परत रेकॉर्ड करावा लागतो. आवाज आणि माइक बदललेला असला तर शेजारचे दोन धडेही. म्हणून कोर्सचा विषय निवडताना तो किती खपतो याच्याआधी तो किती लवकर शिळा होतो ते बघा. चित्रकलेतला पर्स्पेक्टिव्ह, हिशेब ठेवण्याची मूळ तत्त्वं, गळ्याचे रियाज यांना आवृत्ती नसते.

ॲप आणि सदस्यत्वाचं सॉफ्टवेअर

दर महिन्याला आपोआप कापली जाणारी वर्गणी ऐकायला गोड वाटते. वजाबाकी मात्र कोणी सांगत नाही. महिन्याला 5 टक्के सदस्य गळत असतील, तर आजच्या 100 पैकी वर्षाअखेर 54 उरतात. जागेवर उभं राहायलाही नवे सदस्य आणत राहावे लागतात.

शिवाय स्टोअरचे नियम आहेत. ॲपलची डेव्हलपर फी वर्षाला 99 डॉलर, गूगल प्लेची एकदाच 25 डॉलर. 2021 पासून वर्षाला 10 लाख डॉलरच्या आत कमावणाऱ्यांसाठी ॲपलने कमिशन 30 वरून 15 टक्क्यांवर आणलं. ॲप अँड्रॉइडच्या निदान कोणत्या आवृत्तीसाठी तयार असावं, ही पातळी गूगल प्ले दरवर्षी वर सरकवतं. मागे राहिलेलं ॲप नव्या फोनवाल्यांना दिसेनासं होतं. म्हणजे काहीही बिघडलेलं नसताना वर्षातून एकदा तरी कोड उघडावाच लागतो. आणि सर्व्हर बंद पडला की महिन्याची गोष्टच सोडा, दुपारची झोपही गेली. कमाईची कमाल मर्यादा इथे सगळ्यात उंच आहे, पण पॅसिव्ह म्हणून हा सगळ्यात खोटा सौदा.

ड्रॉपशिपिंग

ड्रॉपशिपिंग म्हणजे स्वतःकडे माल न ठेवता चालवलेलं ऑनलाइन दुकान: माल दुसऱ्याचा, पोहोचवणारा तिसरा, शिव्या तुम्हाला. पार्सल हरवलं, रंग वेगळा निघाला, पैसे परत हवेत, बँकेकडे तक्रार गेली आणि पेमेंट कंपनीने रक्कम रोखून धरली. हे सगळं रोजचं. जाहिरातीचा खर्च आधी, नफा नंतर. महिनाभर गायब झालात तर परत येईपर्यंत दुकान उरलेलं नसतं. धंदा म्हणून करायचा असेल तर जरूर करा, या यादीत मात्र तो चुकून आलाय.

आणि ते मोकळं आयुष्य?

या कमाईने बदलतं ते घड्याळ. सकाळी दहाला कुठे हजर राहायचं नाही, रजा मागायची नाही, मंगळवारी दुपारी पोहायला गेलं तरी चालतं. ही फार मोठी गोष्ट आहे, तिला कमी लेखायचं कारण नाही. पण नोकरीतल्या काही सोयी निमूट निघून जातात: पगारी रजा, कंपनीचा विमा, आणि कर्जासाठी बँकेपुढे ठेवायची पगाराची स्लिप. कर स्वतः भरायचा, तोही अशा उत्पन्नावर जे एका महिन्यात दुप्पट आणि पुढच्यात निम्मं असू शकतं. डोकंही लगेच मोकळं होत नाही. दर अर्ध्या तासाने डॅशबोर्ड उघडून आजची विक्री बघणारा माणूस ऑफिसात नसला तरी कामावरच असतो.

त्यामुळे मोकळेपणा म्हणजे नेमकं काय हवंय ते आधी ठरवा. गावोगाव फिरायचं असेल तर कमाई कमी चाललेली परवडेल, पण तातडीचे फोन नकोत: ईबुक आणि टिकाऊ लेख. मुलं शाळेतून येतील तेव्हा घरी असायचं, एवढंच हवं असेल तर रोजचे तीन-चार तास द्यायला हरकत नाही, आणि मग यूट्यूब किंवा कोर्स जमून जातो. नोकरीच सोडायची असेल तर एका प्लॅटफॉर्मच्या भरवशावर नको. दोन वेगळ्या ठिकाणांहून पैसे येऊ लागेपर्यंत आणि वर्षभराचा घरखर्च बाजूला पडेपर्यंत राजीनामा खिशातच राहू द्या.

नोकरी सांभाळून आठवड्याला पाच-सहा तास काढू शकणाऱ्याने नेमकं काय करावं, असं विचाराल तर माझा कौल असा: ज्या कामाबद्दल लोक आधीच तुम्हाला विचारायला येतात त्यावर शिकवणारे व्हिडिओ टाका, आणि प्रत्येक व्हिडिओखाली ईमेल यादीत नाव नोंदवायची सोय ठेवा. यादी तुमची असते. यूट्यूबने उद्या नियम बदलले तरी ती डाउनलोड करून नेता येते. तीच माणसं उत्तरात पुन्हा पुन्हा एकच अडचण लिहू लागली, की त्या अडचणीवर एक लहान, स्वस्त गोष्ट विकायला काढा: एक्सेलचा तयार तक्ता, चेकलिस्ट, तासाभराचा कोर्स. मोठा कोर्स त्यानंतर, आणि तोही आधी पैसे भरणारे दहाजण सापडले तरच रेकॉर्ड करायला बसा.