५ मिमी वेटसूट: आठ महिने, साठेक डाइव्ह

स्कूबा डाइव्हिंगसाठी सूट घेताना मी फक्त जाडी बघत होते. आधीचा ७ मिमीचा होता, पण अंगाला ढगळ. मान खाली घातली की गार पाण्याची धार पाठीच्या कण्यावरून थेट कमरेपर्यंत जायची आणि विसाव्या मिनिटाला दात वाजायला लागायचे. हा ५ मिमीचा सूट अंगाला घट्ट बसतो, आणि २० अंशांच्या पाण्यात त्या जाड सुटापेक्षा जास्त ऊब देतो. म्हणून आधी माप, मग जाडी. घालून बघताना खाली वाका, हात वर करा, कमरेच्या खळग्यात आणि काखेत पोकळी राहते का ते चाचपा. पाणी हवेच्या जवळपास पंचवीसपट वेगानं अंगातली उष्णता ओढतं. आत शिरलेलं पाणी अंगाशीच थांबलं तर चालतं, ये-जा करायला लागलं की सूट असून नसल्यासारखा.

दुसरा धडा खोलीचा. ऊब धरतात ते निओप्रीनमधले, म्हणजे सुटाच्या फोमसारख्या रबरातले, वायूचे बारीक बुडबुडे. १० मीटरवर दाब दुप्पट होतो, ३० मीटरवर चौपट, आणि बुडबुडे चेपतात. २८ मीटरवर मी बाही चिमटीत धरून पाहिली, वरच्यापेक्षा चांगलीच पातळ लागली. त्यातच थर्मोक्लाइन, म्हणजे जिथं पाण्याचं तापमान एकदम घसरतं तो थर. एकदा वर २६ अंश होते, १८ मीटरखाली डाइव्ह कॉम्प्युटर १९ दाखवत होता. तेव्हापासून सूट ठरवताना तळाचंच तापमान विचारते.

माझ्यापुरता हिशोब असा: २७ च्या वर ३ मिमी पुरतो. २२ ते २६ ला हा सूट. १८ ते २१ ला याच्या आत हूडवालं बनियन, त्यानं पडलेला फरक मला अजून नवल वाटायला लावतो. त्याखाली ७ मिमी, आणि १२ च्या आसपास सरळ ड्रायसूट, म्हणजे आत पाणी येऊच न देणारा सूट. पण ज्याला लवकर थंडी वाजते त्यानं एक पायरी वरचाच घ्यावा, यात कसला कमीपणा?

दिवसातल्या तिसऱ्या डाइव्हला त्याच पाण्यात जास्त गारठतं, कारण शरीर आधीच उष्णता गमावून बसलेलं असतं. बोटीवर ओल्या सुटात वाऱ्यावर बसू नका. कमरेपर्यंत उतरवा, अंग पुसा, वारा अडवणारं जाकीट आणि टोपी घाला. आणि पाण्यात हुडहुडी भरली तर डाइव्ह तिथंच संपवा. कुडकुडताना हवाही भराभर संपते.

सूट वर तरंगवतो, म्हणून खाली जायला ३ मिमीपेक्षा याला मला २ किलो वजन जास्त लागलं. ते शेवटी, टाकी रिकामी होत आलेली असताना ५ मीटरवर तपासून घ्या.

तक्रार एकच, मनगटं सैल आहेत. ग्लोव्ह्ज बाहीखाली खोचून मी काम भागवते. दरवेळी गोड्या पाण्यात खळबळून, उलटा करून, सावलीत रुंद हँगरवर वाळवते. तरी गुडघ्याचं निओप्रीन आता बोटाला चपटं लागतंय, आणि २० अंशांना गारवा पहिल्यांदा तिथूनच जाणवतो.