टँक बॅग: सोलापूरच्या उन्हात आणि धुळीत अकरा महिने

गेल्या डिसेंबरमध्ये घेतलेली टँक बॅग, म्हणजे मोटरसायकलच्या पेट्रोल टाकीवर बांधायची बॅग, आता अकरा महिन्यांची झाली आहे. या काळात ती माझ्या रॉयल एनफिल्डच्या हिमालयन ४११ या मोटरसायकलवर साधारण १३,००० किलोमीटर फिरली. त्यातले दहा हजारांच्या आसपास किलोमीटर जुळे सोलापूर ते चिंचोळी एमआयडीसी या रोजच्या जाण्यायेण्यात गेले. उरलेले नळदुर्ग, माचणूर, हत्तरसंग कुडल, विजयपूर अशा रविवारच्या फेऱ्यांत आणि जुलैमध्ये आंबा घाटातून रत्नागिरीपर्यंत केलेल्या एका लांबच्या प्रवासात गेले. रोजची नोकरी आणि आडवाटेची भटकंती या दोन्हींसाठी एकच बॅग पुरेल का, हा प्रश्न मनात ठेवूनच मी ती घेतली होती आणि त्याच दृष्टीने हा अनुभव लिहीत आहे.

त्याआधी मी पाठीवर सॅक घेऊन जात असे. एप्रिल-मे महिन्यांत सोलापूरचा पारा ४२-४३ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा सॅकखालचा शर्ट कंपनीत पोहोचेपर्यंत पिळून काढण्याजोगा होतो आणि खांद्यांवर दिवसभर ओझ्याची जाणीव राहते. मागच्या सीटवर बांधायच्या बॅगेचा विचार केला होता, परंतु संध्याकाळी मुलीला शिकवणीहून आणायचे असल्यामुळे ती सीट मोकळी राहणे आवश्यक होते. शिवाय सामान डोळ्यांसमोर असले की सिग्नलला थांबताना मन निश्चिंत असते, आणि टाकीवरचे वजन गाडीच्या मध्याजवळ राहत असल्यामुळे वळणावर मागचे चाक जड वाटत नाही.

पहिली चूक मी बॅग घेण्यापूर्वीच केली आणि ती सविस्तर सांगतो, कारण निवड करताना सर्वाधिक लोक इथेच चुकतात असे मला वाटते. किती लिटरची बॅग हवी, यावरून मी सुरुवात केली. एका मित्राकडून १५ लिटरची, वरची चेन उघडून आणखी उंच करता येणारी बॅग आणून ती विजयपूरच्या फेरीसाठी बांधली. सरळ रस्त्यावर ती उत्तम वाटली. परतताना मात्र एका कच्च्या रस्त्याला लागलो आणि फुटपेगवर, म्हणजे पाय ठेवायच्या दांड्यांवर, उभा राहिलो, तेव्हा बॅगेची मागची कड पोटाला टेकली. टाकी गुडघ्यांनी धरायची तर मध्ये बॅगेचे फुगलेले कोपरे येत होते. सुट्या खडीवर उभे राहून चालवताना हात सैल सोडून गाडीवरची पकड गुडघ्यांनीच ठेवावी लागते. ती पकड गेली की सगळा भार हँडलवर येतो आणि पुढचे चाक भरकटू लागते. यू-टर्न घेताना हँडल पूर्ण वळवले तर बॅगेच्या कडेने हॉर्नचे बटण दाबले जात होते. मीटरचा खालचा भागही झाकला गेला होता.

तेव्हा आकड्यांचा विचार सोडला आणि जी बॅग गाडीवर असताना आपल्याला विसरता येईल तीच आपली, असे ठरवले. शेवटी घेतलेली बॅग ७ लिटरची आहे, पुढे निमुळती आणि मागे थोडी रुंद. एका भारतीय कंपनीची असून तेव्हा तिला ३,२०० रुपये पडले. दुकानदाराला विनंती करून मी ती आधी माझ्या गाडीवर ठेवून पाहिली. आत दोन टॉवेल आणि पाण्याची बाटली कोंबली, हँडल दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत वळवले आणि फुटपेगवर उभा राहून पुढे वाकून पाहिले. रिकामी बॅग प्रत्येक टाकीवर छान बसते. खरा आकार भरल्यावरच कळतो.

बसवण्याच्या पद्धतीबद्दल थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे. चुंबकाची बॅग सर्वांत सोयीची, परंतु ती केवळ पोलादी टाकीवर बसते. आजकाल पुष्कळ गाड्यांच्या टाकीवर किंवा तिच्या दोन्ही बाजूंना प्लास्टिकची आवरणे असतात. त्यामुळे घरातल्या फ्रिजवरचे एखादे चुंबक नेऊन टाकीवर चार ठिकाणी लावून पाहावे, तेवढ्याने उत्तर मिळते. माझी टाकी पोलादी आहे, तरीही मी चुंबक टाळले आणि त्याचे कारण आपली माती आहे. इथली काळी जमीन बेसॉल्ट खडक झिजून झाली आहे आणि तिच्यात चुंबकाला चिकटणारे लोहाचे बारीक कण असतात. सहकाऱ्याची चुंबकाची बॅग एकदा पार्किंगमध्ये जमिनीवर ठेवली गेली, तेव्हा तिच्या चुंबक असलेल्या बाजूच्या पंखांना काळ्या पिठासारखा थर चिकटला. तो झटकून निघत नाही, ओल्या फडक्याने पुसून काढावा लागतो. औद्योगिक वसाहतीत लेथवरचा लोखंडी कीसही हवेत आणि जमिनीवर असतो. असे चुंबक परत टाकीवर ठेवणे म्हणजे रंगावर पॉलिशपेपर ठेवण्यासारखे आहे. मोबाइलमधील होकायंत्रही चुंबकाजवळ दिशा चुकीची दाखवते आणि जुन्या पद्धतीच्या काळ्या पट्टीच्या बँक कार्डांना शक्तिशाली चुंबकापासून दूर ठेवणेच बरे.

दुसरी पद्धत कड्याची. गिव्ही आणि एसडब्ल्यू-मोटेक या युरोपीय कंपन्यांमुळे ती रूढ झाली आहे. पेट्रोलच्या झाकणाभोवतीचे स्क्रू काढून त्या जागी एक कडे बसवतात आणि बॅग त्यावर खटक्याने अडकते. बॅग टाकीला टेकत नाही, त्यामुळे रंग सुरक्षित राहतो आणि पंपावर ती क्षणात सुटते. माझ्या मते रोजच्या वापरासाठी ही सर्वोत्तम रचना आहे. परंतु कडे त्या त्या गाडीच्या झाकणाप्रमाणे घ्यावे लागते, बॅग थोडी उंचावर बसते आणि एकूण खर्च माझ्या बॅगेच्या काही पट होतो. म्हणून मी पट्ट्यांची बॅग निवडली. हिमालयनच्या टाकीच्या दोन्ही बाजूंना पुढे जी लोखंडी नळ्यांची चौकट आहे, तिला पुढचे दोन पट्टे बांधले आणि मागचे दोन सीटखालच्या चौकटीतून घेतले. चार ठिकाणी ताण सारखा आला की बॅग खाचखळग्यांतही जागची हलत नाही.

आता धुळीविषयी. पाऊस हा टँक बॅगेचा शत्रू असे सगळेच सांगतात. सोलापुरात मला धूळ अधिक त्रासदायक ठरली. बॅगेचे बूड आणि टाकी यांच्यामध्ये बारीक धूळ शिरते, इंजिनाच्या कंपनाने ती सतत घासली जाते आणि दोन महिन्यांत रंगाची चकाकी जाऊन तिथे धुरकट डाग पडतो. सुरुवातीला मी दोन्हींच्या मध्ये आपला सोलापुरी टेरी टॉवेल घडी करून ठेवला. तो मऊ असल्यामुळे रंग वाचेल असे वाटले होते. प्रत्यक्षात त्याच्या धाग्यांच्या फासांमध्ये धूळ अडकून राहिली, आणि टॉवेल घसरल्यामुळे बॅगही एका बाजूला सरकू लागली. दोन आठवड्यांत तो काढला आणि टाकीवर रंग वाचवणारी पारदर्शक फिल्म लावून घेतली. त्यानंतर आठवड्यातून एकदा बॅग सोडवून टाकी आणि बॅगेचे बूड दोन्ही ओल्या कपड्याने पुसतो. कोरडे फडके मात्र वापरू नये, त्याने धूळ निघण्याऐवजी घासली जाते.

उन्हाचा परिणाम हळूहळू दिसला. वरच्या खिशाची पारदर्शक खिडकी जूनपर्यंत पिवळसर होऊन कडक झाली आणि आता तिच्या एका कोपऱ्याला बारीक चीर गेली आहे. काळ्या कापडाचा रंग किंचित विटला, पण कापड कुठेही विरलेले नाही. मोबाइल त्या खिडकीत ठेवून नकाशा पाहण्याचा प्रयत्न मी एप्रिलमध्ये सोडून दिला. आयफोनसाठी ॲपलने आजूबाजूच्या तापमानाची मर्यादा ३५ अंश दिली आहे, आणि आपल्याकडे दुपारी सावलीतच ती ओलांडली जाते. प्लास्टिकखाली तर काच तापून मोबाइल दहा-पंधरा मिनिटांत बंद पडत असे. पॉवर बँक बॅगेत ठेवून गाडी उन्हात उभी करणे मी पूर्णपणे बंद केले आहे आणि इतरांनीही करू नये अशी कळकळीची विनंती आहे.

पावसाची परीक्षा आंबा घाटात झाली. बॅगेसोबत आलेले पिवळे रेनकव्हर ताशी पन्नासपर्यंत ठीक बसते, त्यापुढे वाऱ्याने फडफडते आणि पुढच्या कडेने उचलले जाते. साखरपा गाठेपर्यंत चेनच्या टोकाशी पाणी शिरून तळाशी साचले होते. चेनवर पाणीरोधक असे लिहिलेले असले तरी त्याचा अर्थ तुषार आणि हलकी सर इतकाच घ्यावा. आता कागद, पाकीट आणि औषधे एका तोंड गुंडाळून बंद करायच्या छोट्या जलरोधक पिशवीत घालूनच मी आत ठेवतो आणि रेनकव्हरवर अवलंबून राहत नाही.

ऑगस्टमध्ये मागचा डावा पट्टा निम्मा कुरतडलेला दिसला. सीटखालच्या चौकटीच्या धारदार कडेवर तो सात-आठ महिने घासत होता आणि माझे तिकडे लक्ष गेले नव्हते. नव्या पेठेतल्या बॅगा दुरुस्त करणाऱ्या एका काकांकडे गेलो. त्यांनी पट्टा उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, "पट्ट्याला दोष नाही हो, त्याला चिलखत नव्हतं." त्यांनी जाड नायलॉनचा नवा पट्टा दुहेरी शिवणीने लावला आणि सायकलच्या जुन्या ट्यूबचा वीतभर तुकडा त्यावर मोज्यासारखा चढवला. ऐंशी रुपयांत झालेले हे काम आजवर जसेच्या तसे आहे. नवी बॅग घेणाऱ्याने पहिल्याच दिवशी पट्टे जिथे लोखंडाला टेकतात तिथे अशी ट्यूब चढवावी. प्रत्येक लांबच्या प्रवासाआधी हात घालून पट्टे चाचपूनही पाहावेत, कारण सुटलेला पट्टा साखळीत किंवा चाकात अडकला तर अपघात टळणे कठीण आहे.

पंपावर पट्ट्यांची बॅग थोडी गैरसोयीची आहे. पुढचे दोन बकल सोडून ती सीटवर उलटावी लागते, आणि मागे गाड्यांची रांग असेल तर घाई होते. अशाच घाईत एकदा पेट्रोल सांडून बुडाच्या रबरी थरावर पडले आणि तो भाग फुगून चिकट झाला. तेव्हापासून भरणाऱ्याला "दादा, काठोकाठ नको" असे आधीच सांगतो आणि टाकी पुसल्याशिवाय बॅग परत ठेवत नाही.

बॅगेत काय ठेवावे यापेक्षा काय ठेवू नये, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते. समोरून धडक बसली किंवा अचानक जोरात ब्रेक लागला तर चालकाचे शरीर टाकीकडेच फेकले जाते. म्हणून पाने, स्क्रूड्रायव्हर, कुलूप, हवेचा पंप यांपैकी काहीही मी त्यात ठेवत नाही. ती सगळी अवजारे मागच्या कॅरिअरवरच्या डब्यात असतात. बॅगेत पाकीट, मोबाइल, गॉगल, चष्म्याचे फडके, अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली, पातळ रेनकोट आणि रविवारी कापडात गुंडाळलेली कडक भाकरी व शेंगाचटणी एवढेच. रेनकोट मुद्दाम माझ्या बाजूला ठेवतो, म्हणजे पोटाजवळ मऊ वस्तू राहते. रोजचा जेवणाचा डबा मात्र ७ लिटरमध्ये आडवा मावत नाही, तो मागच्या डब्यातच जातो.

आज बॅगेची शिवण, चेन आणि चारही बकल शाबूत आहेत. उतरवल्यावर खांद्याला अडकवता येत असल्यामुळे बाजारात किंवा देवदर्शनाला जाताना ती गाडीवर सोडावी लागत नाही. हीच बॅग मी पुन्हा घेईन. हाताशी जास्त पैसे असतील तर याच आकाराची, कड्यावर बसणारी घेईन. राहिली ती फुटलेली खिडकी. तिथे पारदर्शक प्लास्टिकऐवजी साधे जाड कापड लावायचे ठरवले असून काकांनी माप घेऊन ठेवले आहे. दिवाळीची गर्दी ओसरली की बॅग दोन दिवस त्यांच्याकडे सोडायची आहे.