रामटेकच्या वानरांसाठी ८×४२ दुर्बीण
वानरांच्या वर्तनाच्या नोंदी घ्यायला ८×४२ दुर्बीण (आठपट मोठं दाखवणारी, पुढची भिंग ४२ मिमी व्यासाची) चांगली, १०×४२ नको. दहापटीत हाताची थरथर जास्त दिसते. प्राणिवर्तनाच्या अभ्यासक जीन आल्टमन यांनी १९७४ मध्ये मांडलेल्या पद्धतीप्रमाणे ठरलेला वेळ एकाच प्राण्यावर नजर ठेवताना ती फार नडते. ४२ भागिले ८, म्हणजे डोळ्याशी ५.२५ मिमी रुंद प्रकाशझोत, म्हणून चित्र उजळ. त्यामुळे रामटेकच्या गडावर भल्या सकाळी, सावलीतसुद्धा काळ्या तोंडावरचे भाव, फाटका कान, शेपटीचा बाक टिपता येतो. ओळख चुकली की अख्खी नोंद वाया! खटकतो तो जवळचा फोकस: तीन मीटरच्या आत सगळं धूसर, आणि प्रसादाला सोकावलेली वानरं तर हातभर अंतरावर येतात. मे महिन्यात नागपुरी उन्हात दुर्बीण बंद गाडीत मात्र ठेवू नका.