पॉलीकीट ओळखायचा कसा: सूक्ष्मदर्शक की डीएनए?

पॉलीकीट म्हणजे अंगावर राठ केस असलेले, बहुतेक समुद्रातले वलयी कृमी. त्यांतला चिखलातला नेरीस हाती आला की मी आधी सूक्ष्मदर्शकच लावते. त्याची सोंड बाहेर आलेली हवी. मग जबड्यांच्या जोडीमागे गडद, दाण्यांसारखे दात दिसतात. ते कुठल्या भागात किती आणि पायांवरचे राठ केस कोणत्या घडणीचे, यावर प्रजाती ठरते. सोंड आत ओढलेली असेल तर चिरून बघावं लागतं. वेळ जातो, पण प्राणी खरोखर कळतो.

डीएनएला छोटा तुकडाही पुरतो, अळीही चालते. मात्र नमुना फॉर्मॅलिनमध्ये ठेवला की काम अवघड होतं, अल्कोहोलच हवं.

तरी कॅपिटेला कॅपिटाटा हा पॉलीकीट विसरता येत नाही. एकच समजल्या गेलेल्या या प्रजातीत १९७६ मध्ये विकरांच्या (एन्झाइमांच्या) तपासणीतून किमान सहा प्रजाती निघाल्या, दिसायला जवळपास सारख्याच. अशा वेळी मी डीएनएसारख्या रेणूंवरच विसंबते.