रोबोटची चेसिस: प्लाय का अॅल्युमिनियम?

आर्वीकडच्या एका सरांनी विचारलं, पोट्टे पहिल्यांदाच रोबोटच्या स्पर्धेत उतरून राहिले, चेसिस (म्हणजे रोबोटचा सांगाडा) कायची करू?

खर्चात प्लाय पुढे, सुताराकडे तुकडे असेच मिळून जातात. पण अॅल्युमिनियमही वाटते तेवढं महाग नाही, स्लायडिंग खिडक्यावाल्याकडे कापून उरलेले सेक्शन किलोवर मिळतात.

वजनाचं म्हणाल तर 6 मिमी प्लायचा चौरस फूट साधारण 400 ग्रॅम, 2 मिमी अॅल्युमिनियम पत्र्याचा 500, म्हणजे फार फरक नाही.

खरा फरक मेहनतीत आहे भाऊ. प्लायला जिगसॉ (हातात धरायची विजेची करवत) आणि ड्रिल पुरते, मोटरचं भोक चुकलं तर बाजूला दुसरं पाडा, अर्ध्या तासात काम होते. अॅल्युमिनियम गावातला साधा वेल्डिंगवाला जोडून देत नाही, एल-अँगल लावून रिव्हेट नाहीतर नटबोल्टच करा लागते, अन् सर्किट बोर्डखाली प्लास्टिकचे स्पेसर पाहिजेतच, नाहीतर शॉर्ट.

टिकण्यात मात्र अॅल्युमिनियमच. प्लाय पावसाळ्यात फुगते, मोटरच्या थरथरीनं भोकं ढिली पडतात, म्हणून तिथं मोठे वायसर अन् नायलॉक नट (आत नायलॉनची रिंग असते, ढिला होत नाही) लावाच.

पहिलं वर्ष अन् डिझाइन रोज बदलत असन तर प्लाय घ्या. डिझाइन पक्कं झालं, रोबोट धक्काबुक्कीच्या स्पर्धेत उतरवायचा असन तर अॅल्युमिनियम.