बडोद्याच्या उन्हात गोल्फ ट्रॉली: लेड-ॲसिड घ्यावी की लिथियम?

इलेक्ट्रिक ट्रॉली, म्हणजे गोल्फची बॅग वाहणारी मोटर लावलेली हातगाडी, घ्यायची म्हटली की माणूस आधी रिमोट, जीपीएस आणि चाकांचा रंग बघतो. बडोद्यात राहणाऱ्याने आधी बॅटरी बघावी आणि मग तिला साजेशी ट्रॉली निवडावी.

त्याही आधी एक रास्त प्रश्न: बॅग उचलून सोबत चालणारा कॅडी मिळत असताना ट्रॉली हवी कशाला? महाराजा प्रतापसिंहराव गायकवाडांनी युरोपियन पाहुण्यांसाठी लक्ष्मी विलास राजवाड्याच्या आवारात आखलेलं आणि 1990 च्या दशकात समरजितसिंह गायकवाडांनी सर्वांना खुलं केलेलं आपलं गोल्फ कोर्स घ्या. चांगला कॅडी झाडीत गेलेला बॉल शोधतो आणि ग्रीनचा, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीचा, उतार सांगतो. ट्रॉली फक्त बॅग वाहते. आठवड्यातून एकदा चौघं मिळून खेळणाऱ्यांनी कॅडीच घ्यावा. ज्यांना भल्या पहाटे एकट्याने, आपल्या चालीने खेळायचं असतं, त्यांच्यासाठी पुढचं. क्लबात ट्रॉली चालते का, हे मात्र खरेदीआधी विचारून घ्या.

आता बॅटरी. 12 व्होल्टच्या ट्रॉलीला लेड-ॲसिड बॅटरी साधारण 26 ते 36 ॲम्पिअर-अवरची (हे वीज साठवण्याच्या क्षमतेचं माप) लागते आणि ती साधारण आठ ते बारा किलो भरते. तेवढंच काम करणारी 16 ते 22 ॲम्पिअर-अवरची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी दोन-तीन किलोंची असते. आकडे असे विषम दिसतात, कारण लेड-ॲसिड निम्म्याच्या खाली उतरवली की लवकर झिजते, तर लिथियममधली बहुतेक सगळी वीज वापरता येते. दर वेळी खोलवर उतरली तर लेड-ॲसिड दोन-तीनशे चार्जिंगमध्ये थकते. चांगली लिथियम दीड-दोन हजार चार्जिंगचा पल्ला गाठते. मांजलपूरला तिसऱ्या मजल्यावर राहत असाल आणि लिफ्ट बंद पडायची सवय असेल, तर वजनाचा मुद्दा वेगळा सांगायला नको.

पण आपल्याकडे खरा निकाल लावतो उन्हाळा. 25 अंशांच्या वर दर दहा अंशांमागे लेड-ॲसिडचं आयुष्य जवळपास निम्मं होतं, असा ढोबळ हिशेब आहे. मे महिन्यात बंद गाडीच्या डिकीत ठेवलेल्या बॅटरीचं काय होत असेल ते बघा. लिथियमलाही ऊन सोसत नाही. खेळून आल्यावर ती तापलेली असताना लगेच चार्जिंगला लावू नका, निवू द्या. लेड-ॲसिडचं उलट आहे: ती रिकामी पडून राहिली की प्लेटांवर सल्फेट बसतं, म्हणून त्याच दिवशी चार्ज करावीच लागते.

आणि इथे आपल्या घरांतली एक गोष्ट आड येते. मुलगा न्यू जर्सीला, आई-बाबा एप्रिलमध्ये जातात ते पाऊस सुरू झाल्यावर परततात. कुलूपबंद फ्लॅटमध्ये तीन-चार महिने पडलेली लेड-ॲसिड बॅटरी उष्णतेने आपोआप उतरत जाते. परत आल्यावर मल्टिमीटर लावा. पूर्ण चार्ज, विसावलेली बॅटरी 12.7 व्होल्टच्या आसपास दाखवते. काटा 12 च्या खाली दिसला आणि डब्याच्या भिंती फुगून बोटांना गोलसर लागल्या, तर तिच्यावर आणखी पैसे घालू नका. लिथियम जाताना अर्धी चार्ज करून, वायर काढून कपाटात ठेवली की पुरते. असं दरवर्षी जाणाऱ्यांनी लेड-ॲसिडचा विचारच करू नये.

लेड-ॲसिडच्या बाजूनेही बोलायला हवं. ती स्वस्त पडते, शिवाय 12 व्होल्ट 26 ॲम्पिअर-अवरची सीलबंद बॅटरी यूपीएसवाल्याकडे सहज मिळते. फक्त यूपीएसची बॅटरी क्वचित उतरण्यासाठी बनवलेली असते आणि ट्रॉली तिला दर वेळी उतरवते, म्हणून डीप-सायकलची, म्हणजे वारंवार खोलवर उतरवायला बनवलेलीच मागा. बारमाही बडोद्यात असाल, कधीमधी नऊच होल खेळत असाल आणि गाडी दारात उभी राहत असेल, तर ती पुरेशी आहे.

स्थानिक कारागिराकडून लिथियम पॅक बांधून घेणार असाल तर बीएमएस, म्हणजे पॅकचं रक्षण करणारं आणि जास्त करंट ओढला की तो तोडणारं सर्किट, किती ॲम्पिअरचा आहे ते विचारा. 200 वॅटची मोटर 12 व्होल्टवर पूर्ण जोरात सुमारे 17 ॲम्पिअर ओढते, आणि पावसाळ्यात काळी माती चाकांना चिकटली की सुरुवातीचा झटका त्याहून मोठा. 30 ॲम्पिअरच्या खालचा बीएमएस घेतलात तर ऐन चढावर ट्रॉली गप्प होईल. चार्जरही लिथियमचाच हवा. लेड-ॲसिडच्या काही चार्जरमध्ये सल्फेट झाडायची सोय असते, तिचा उंच व्होल्टेज लिथियमला घातक ठरतो.

रिमोट आणि जीपीएस? हौस असेल तर घ्या. जीपीएसचं घड्याळही होलपर्यंतचं अंतर सांगतं.

माझं मत 12 व्होल्टच्या साध्या ट्रॉलीला, लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी लावून. मोटोकॅडी कंपनीच्या एम सिरीजसारख्या 28 व्होल्टच्या ट्रॉल्या देखण्या आहेत, सुबक घडी होतात, पण बॅटरी त्यांचीच लागते. मुलगा परदेशातून ट्रॉली आणतो म्हणाला, तरी अडचण तिथेच येते: विमानात 160 वॅट-अवरपेक्षा मोठी लिथियम बॅटरी प्रवाशाला सामानातून नेता येत नाही, आणि 12 व्होल्टच्या म्हणवणाऱ्या लिथियम पॅकचे प्रत्यक्षातले 12.8 व्होल्ट गुणिले 16 ॲम्पिअर-अवर म्हणजेच 205 वॅट-अवर होतात. त्याला सांगा, नुसता सांगाडा आण, तोही 12 व्होल्टचा. बॅटरी इथे घेऊ. येताना कनेक्टरची जोडी मात्र तिथूनच आणायला सांगा, इथे तसाच प्लग शोधत हिंडावं लागतं.